गाव कुठलं ते कुणी सांगंना

आम्हा मास्तरलोकांच्या डब्याच्या सुट्टीत जे किस्से रंगतात ते बहुतेक हसण्याचे. तपासणीचे, खिचडीचे, पोरांनी पेपरात ठोकून दिलेल्या उत्तरांचे. पण चौदा वर्षं एकाच शाळेत काढली की शेजारी दुसराही एक ढीग साठत जातो. घरातलं माणूस गेलेल्या पोरांचा. ते किस्से कुणी ‘सांगा की बाई’ म्हणून मागत नाही. आठवतात मात्र तेच!

शाळा सणसरजवळच्या एका वस्तीवरची, चारी बाजूंनी ऊस. शिक्षक दोनच, हेडसर आणि मी. डीएडला आम्हाला सगळं शिकवलं होतं. पोराचा आबा वारला तर दुसऱ्या दिवशी त्या पोराशी काय बोलायचं, एवढंच राहून गेलं होतं.

*

माझं पहिलंच वर्ष. दुसरीतल्या आरोहीचे आबा वारले. घरच्यांनी तिला सांगितलं, “आबा गावाला गेल्यात.” आणि मला बजावलं, “बाई, पोरीम्होरं काय बोलू नका.” मी कशाला बोलतेय! उलट सुटलेच.

आठवडाभरानं मधली सुट्टी संपली, हजेरी घेतली, तर आरोही नाही. हौदापाशी नाही, संडासात नाही. हेडसर विहिरीकडं पळाले. मी उसाच्या कडेकडेनं हाका मारत सुटले. उसात हाक लांब जात नाही हो. आपलाच आवाज आपल्याला ऐकू येतो.

सापडली कुठं? एसटीच्या थांब्यावर! मांडीवर दप्तर, हातात आबांचा चष्मा. मी तिला छातीशी धरलं आणि त्याच दमात ओरडलेही. ती आपली शांत.

“आबांचा चष्मा घरीच ऱ्हायलाय,” ती म्हणाली. “पण गाव कुठलं, ते कुणी सांगंना!”

त्या संध्याकाळी तिच्या आईनं तिला खरं काय ते सांगितलं. मी शेजारी बसून होते.

*

हेडसर मनानं मऊ माणूस. आवाज तेवढा फौजदाराचा. चौथीतल्या सानिकाची चुलती तापानं गेली, तेव्हा सरांनी तिला जवळ घेऊन समजावलं, “चांगली माणसं देवाला लवकर आवडतात, बाळा.” मी मनात म्हटलं, वा! असं सुचायला अनुभव लागतो!

सानिका म्हणजे वर्गातली पहिली. दुसऱ्या दिवशी तिनं गृहपाठ आणला नाही. तिसऱ्या दिवशी शेजारणीचा डबा सांडला. चौथ्या दिवशी बाराचा पाढा चुकली. झोपेतून उठवलं तरी घडाघडा म्हणणारी पोर! सर कडाडले, “सानिका, काय चाललंय हे?”

पोरगी दोन पावलं मागं सरकली. “सर, मला एवढ्यात देवाला आवडायचं न्हाय!”

सरांनी खुर्ची तिच्याजवळ ओढली. मग त्यांनी तिला सरळ सांगितलं. ताप डोक्यात गेला होता, औषध लागू पडलं नाही, चांगलं-वाईट वागण्याचा त्यात काही संबंध नाही. सानिकानं दोनदा विचारून खात्री करून घेतली. मगच बाराचा पाढा म्हणाली. एकही चूक नाही!

*

एकदा चिंचेखाली पोरींचा घोळका दिसला. भातुकली असेल म्हणून कौतुकानं गेले. तर एक पोरगी डोळे मिटून आडवी, अंगावर ओढणी आणि बाकीच्या गळे काढून रडतायत. मयत-मयत खेळत होत्या! आणि खेळ मांडणारी कोण, तर ईश्वरी. महिन्यापूर्वीच जिचे वडील गेले ती.

‘बंद करा’ अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात शेजारच्या अंगणवाडीच्या ताईंनी माझा दंड धरला. “थांबा बाई. तिला काय करायचंय ते बघू तरी.”

ईश्वरी एकेकीला शिकवत होती. “असं न्हाय, काकी रडत हुती तसं रड.” मग एक थोराड पोरगी पुढं झाली आणि रुबाबात म्हणाली, “पोरास्नी भाईर न्या गं!”

ईश्वरीनं कमरेवर हात ठेवले. “ह्या टायमाला मी न्हाय जाणार. मला बघायचंय.”

आणि मांडी घालून बघत बसली. त्या दिवशी घंटा पाच मिनिटं उशिरा झाली. हेडसरांनी घड्याळाकडं पाहिलंच नाही.

*

आता तनुजा. तिसरीतली. तिची आई आजारपणात गेली. तेरावं झाल्यावर ती शाळेत आली, पण रडली नाही. महिना झाला, दोन झाले, डोळ्यांतून टिपूस नाही. रडणाऱ्या पोराला जवळ तरी घेता येतं. न रडणाऱ्याचं काय करायचं? मला घोरच लागला. घरी भाकरी थापताना हात थांबायचा.

एकदा शाळेचा कसलासा फॉर्म भरून घेत होते. तिनं विचारलं, “बाई, आईचं नाव खोडायचं का?”

“नाही गं. ते राहतंच.”

“कायम?”

“कायम.”

तिनं त्या नावावरून पुन्हा पुन्हा पेन फिरवला, पार कागद फाटेस्तोवर. डोळे कोरडे ते कोरडेच.

केस विस्कटलेले असायचे, म्हणून प्रार्थनेआधी रोज मीच तिच्या वेण्या घालायचे. एका सोमवारी बघते तर पोरगी वेण्या घालूनच आलेली! दोरखंडासारख्या पिळलेल्या. एक कानाच्या वर, एक मानेपाशी. फाटकात तिचे वडील दत्ताभाऊ मोटारसायकलवर, दुधाची किटली अडकवून.

“कुणी घातल्या हो?”

“मीच की. महिनाभर शिकतोय.”

“कुणाच्या केसांवर?”

भाऊंनी डोकं खाजवलं. “गायीच्या शेपटावर! तिनं दोनदा लाथ घातली. ही गप बसली.”

मला हसू आवरेना. हसत हसत मागं वळले, तर तनुजा पायरीवर उभी आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी! मी धावले.

“लई घट्ट झाल्यात का गं? दुखतंय? थांब, सोडते.”

तिनं दोन्ही वेण्या दोन्ही मुठींत गच्च धरल्या.

“सोडू नका, बाई. दुखू द्या!”