एकदा झालेला बाप्तिस्मा

कोपरखैरण्याला मी ज्या घरात राहायचो, त्या घराच्या हॉलमध्ये दर रविवारी मंडळी भरायची. घर ज्यांचं, ते पेशाने वायरमन. पण उपासना तेच चालवायचे, म्हणून सगळे त्यांना ब्रदर म्हणत. त्यांच्या बायकोला मी वहिनी म्हणायचो. आठवीतून शाळा सुटलेला, जालन्याकडच्या खेड्यातून आलेला मी. तुर्भ्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला मला चिकटवलं ते ब्रदरांनी. खोली मिळेपर्यंत राहा म्हणाले आणि मग खोलीचा विषयच कुणी काढला नाही. त्या माणसांना मी कशालाही नाही म्हटलं नसतं. त्यांनी मागितली एकच गोष्ट, आणि नेमकी तीच मला देता येईना.

त्यांचं म्हणणं, मी बाप्तिस्मा घ्यावा. आणि माझा तर झालेला होता.

मी तान्हा असताना, गावच्या जुन्या मिशनच्या देवळात, बाबांनी मला हातावर धरलं आणि पाळकसाहेबांनी फुलपात्रातलं पाणी माझ्या टाळूवर शिंपडलं. बाबा हे इतक्यांदा सांगायचे की मला वाटायचं, ते गार पाणी माझ्याच आठवणीत आहे. ब्रदरांच्या मंडळीत मात्र शिंपडणं धरत नसत. कळत्या वयात, स्वतःच्या तोंडाने कबूल करून, पाण्यात पुरतं बुडायचं. प्रभूबरोबर पुरलं जायचं आणि त्याच्याबरोबर उठायचं. तोवर प्रभुभोजनाचा ट्रे, भाकरीचे तुकडे आणि द्राक्षरसाचे इवलेसे प्याले, तुमच्यापुढून नुसता पुढे जायचा.

बुधवारी शास्त्राभ्यास असायचा. एकदा बायबलमधल्या त्या तुरुंगाच्या अधिकाऱ्याची गोष्ट निघाली. भूकंप होतो, कैद्यांच्या बेड्या तुटतात, आणि त्याच रात्री तो अधिकारी आपल्या घरच्या सगळ्यांसकट बाप्तिस्मा घेतो. मी धीर करून विचारलं, "ब्रदर, घरच्या सगळ्यांत एखादं तान्हं पोर नसेल कशावरून?"

"होतं असं लिहिलंय का?"

"नव्हतं असं पण नाही ना लिहिलेलं."

दोघंतिघं हसले. ब्रदरही हसले. "वकील झाला असता रे तू. पण जरा पुढचं वाच. घरादाराने विश्वास ठेवून आनंद केला, असंय. तान्हं पोर विश्वास ठेवतं का?"

"आनंद तर करतं," वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "आमचा पोरगा तर पानी बघितलं की नुसता खिदळायचा."

यावर पुन्हा हसू झालं, प्रार्थना झाली, चहा झाला. मला मात्र झोप लागेना. ब्रदरांचं बरोबर वाटायचं, कारण विश्वास माझ्याकडून कुणी दुसरा कसा ठेवेल? पण मग बाबांनी त्या दिवशी काय केलं होतं? नुसतं डोकं भिजवलं? आणि दुसऱ्यांदा पाण्यात उतरलो तर पहिल्या वेळी देव तिथं नव्हताच, असं मी म्हटल्यासारखं होणार नाही का? देवाला कुणी असं म्हणतं का?

शेवटी बाबांना फोन लावला. गावात फोन किराणा दुकानात होता. दुकानदार हाक मारायचा आणि बाबा धापा टाकत यायचे. खरं सांगायचं तर मी विचारायला फोन केलाच नव्हता. बाबांनी खडसावून नाही म्हणावं, म्हणजे ब्रदरांना सांगायला बरं, एवढ्यासाठी केला होता.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "घे की मग."

"बाबा, पण तुम्ही दिलेला आहे ना?"

"आरं, तवा तू रडून रडून लाल झाला हुतास. तुला कुनी इचारलं हुतं का? आता इचारत्यात तर सांग काय ते."

"काय सांगू?"

"ते मी कसं सांगू, लेकरा? जेवतूस ना येळंवर?"

फोन ठेवला आणि मी आधीपेक्षा जास्त गोंधळलो. तरी ब्रदरांनी यादीत माझं नाव घातलं, तेव्हा मला नाही म्हणवलं नाही.

ठरल्या रविवारी गच्चीवर काळी प्लॅस्टिकची टाकी आणली. तिचं तोंड करवतीने कापून मोठं केलं होतं. सकाळपासून पाइपने पाणी भरत होतो, मीच. शेजारच्या गच्चीवर गावठाणातली एक बाई मिरच्यांच्या कुंड्या हलवत होती. ती ओरडली, "काय रं, पानी फेकू नका हां नंतर! आमच्या मिरच्यांना द्या!"

आम्ही पाचजण पांढरे कपडे घालून रांगेत उभे. गाणं सुरू झालं. एकेक जण स्टुलावर चढून टाकीत उतरायचा, आत उभे ब्रदर विश्वास आहे का विचारायचे, तो हो म्हणायचा, बुडायचा, वर यायचा. वर येताना प्रत्येकाचा चेहरा असा काही व्हायचा की मला खरंच हेवा वाटला. माझी पाळी आली. स्टुलावर एक पाय ठेवला आणि तोंडातून निघालं, "ब्रदर, मला कळत नाहीये."

गाणं थांबलं. छातीपर्यंत पाण्यात उभे ब्रदर माझ्याकडे वळले.

"काय कळत नाहीये?"

"हो म्हटलं तरी खोटं होईल, नाही म्हटलं तरी."

आता सामान बांधायचं, एवढंच माझ्या डोक्यात आलं. ब्रदरांनी तोंडावरचं पाणी पुसलं. "मग चढू नको. टॉवेल धर. मागची सिस्टर थंडीने कापतेय बघ."

मी टॉवेल धरला. सगळ्यांची डोकी पुसली. नंतर टाकीतल्या पाण्याच्या बादल्या शेजारच्या मिरच्यांना नेऊन घातल्या.

खाली हॉलमध्ये प्रभुभोजन झालं. ट्रे माझ्या हातात आला आणि मी तो पुढे दिला. कुणी काही बोललं नाही. बोलले असते, रागावले असते, तर मी रुसून तरी बसलो असतो. मग सतरंज्यांवर पंगत बसली, वहिनींनी पुलावाचं पातेलं आणून ठेवलं आणि ब्रदर सगळ्यांदेखत मला म्हणाले, "जेवणावर प्रार्थना तू कर."

ज्याला भाकरीचा तुकडा घेता येत नव्हता, त्याने सगळ्यांच्या भातावर आशीर्वाद मागायचा. ही चूक होती, माया होती की आणखी काही, मला विचारता आलं नाही. मी डोळे मिटले. उपकार मानायचे होते, ते मानले. त्यात तरी मला शंका नव्हती. पुढे काय बोलावं ते सुचेना, आणि आमेन म्हणून संपवताही येईना. भात निवत होता. कुणीही डोळे उघडले नाहीत.