वाघमारे सरांना विकलेला कॅमेरा

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — ओळखत असता तर बहुतेक गप्पच बसलो असतो. बघा, सुरुवातच भित्रेपणाची.

मी सेलूत शिक्षक होतो. मोबाइलमध्ये धड फोटो येत नसत, त्या काळात माझ्याकडे खिशात मावणारा एक डिजिटल कॅमेरा होता. मेव्हण्याच्या लग्नात, राणीसावरगावला, तो हातातून सटकून हौदात पडला. चार दिवस तांदळाच्या डब्यात ठेवला. चालू झाला — पण कसा? आठ-दहा फोटो नीट निघायचे, मग लेन्स अर्धवट बाहेर येऊन अडकायची आणि कार्डावरचे आधीचे फोटोही उडून जायचे. दर वेळी. मला हे पक्कं माहीत होतं. मुद्दाम सांगतोय, कारण नंतर कैक वर्षं मी स्वतःलाच समजावत आलो की नीटसं माहीत नव्हतं.

वाघमारे सर तेव्हा आमच्या शाळेत नवीन होते. दसऱ्याला ते आईला नागपूरला, दीक्षाभूमीला नेणार होते. म्हातारी पहिल्यांदाच रेल्वेत बसणार होती. मधल्या सुट्टीत ते माझ्याकडे आले.

"सर, तुमी कॅमेरा विकायलाव म्हणं? मतदान कार्ड सोडलं तर आईचा एक फोटो न्हाई आमच्याकडं."

तेव्हा सांगता आलं नसतं का? एका वाक्याचं तर काम होतं. मी काय केलं — कॅमेरा काढला, पिंपळाखाली त्यांना उभं केलं आणि त्यांचेच तीन फोटो काढून दाखवले. तीनच. "लय जपून वापरलाय, सर," म्हणालो. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला. भावसुद्धा केला नाही.

नागपूरहून आल्यावर दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मला वाटलं, कळलं. भांडायचीच तयारी करून बसलो होतो मी. तिसऱ्या दिवशी ते आले, पिशवीतून कॅमेरा काढला. लेन्स तशीच, अर्धवट बाहेर.

"सर, माफ करा. माझ्या हातून बिघडला. कायतरी उलटं दाबलं असंल मी. आईचा एकबी फोटो राह्यला न्हाई. तुमी एवढा जपून वापरलेला, अन् मी..."

माफी ते मागत होते. माझी! आणि मला काय वाटलं असेल? लाज? नाही हो. हायसं वाटलं. "असू द्या सर," मी म्हणालो, "नाजूक वस्तू हाय. हात बसावा लागतो." वर त्यांच्या खांद्यावर थोपटलंसुद्धा. त्या थोपटण्याची मला आजही किळस येते.

पण खरं सांगायचं ते अजून पुढंच आहे — मी मघापासून त्याच्याभोवतीच फिरतोय.

ही गोष्ट स्टाफरूममध्ये मीच सांगितली. कशाला? माहीत नाही. हसू मिळवायला असेल. एक जण म्हणाला, "ह्या लोकांच्या हातात मशीन द्यावंच कशाला?" ह्या लोकांच्या म्हणजे कोणाच्या, ते त्या खोलीत सगळ्यांना कळत होतं. मलाही. आणि मी हसलो. सगळ्यांत मोठ्यानं. हसता हसता दाराकडं पाहिलं, तर वाघमारे सर हजेरीपट घेऊन उभे. ते आत आले, हजेरीपट कपाटात ठेवला, गेले.

पुढं शाळेत संगणक आले. सगळे शिकले, वाघमारे सर मात्र खुर्ची मागं सरकवून बसायचे. "तुमी लावा, सर. माझ्या हातानं बिघडंल." गणिताचा एवढा तयार माणूस, पण माउसला हात लावताना आधी बोटं पँटला पुसायचा. अकरा वर्षं आम्ही एका शाळेत होतो. अकरा वर्षं मी ते बघत राहिलो — आणि शेजारी बसून त्यांची ऑनलाइन कामं करून दिली. उपकार केल्यासारखी.

त्यांची आई वारली तेव्हा घरी गेलो. मतदान कार्डावरचाच फोटो मोठा करून लावला होता. डोळे कुठं, कपाळ कुठं, काही कळत नव्हतं. मी फूल वाहिलं. सर पाहुण्यांना म्हणाले, "ह्या सरांनी दिला होता मला कॅमेरा. लय मोठ्या दिलाचा माणूस." पाहुण्यांनी मला नमस्कार केला. मी उलट हात जोडले. चहा आला, तो प्यालो. साखर कमी होती, हेसुद्धा माझ्या ध्यानात आलं — असला माणूस मी.

आता आम्ही दोघंही निवृत्त आहोत. वाघमारे सर सेलूतच राहतात, माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. संध्याकाळी ते घरीच असतात. मी अजून गेलेलो नाही.