एक उतारू मागे राहिला

ताकामात्सू शहराच्या धक्क्यावर इसाकूला बघून लोक घड्याळं लावायचे, खोटं नाही सांगत. हाजे बेटाच्या बोटीवर दोर टाकायचा आणि सोडायचा, एवढंच त्याचं काम. पण एकतीस वर्षांत त्याने ना बोट एक मिनिट थांबवली, ना एक उतारू मागे ठेवला. दोन्ही जमवणं म्हणजे खायचं काम नाही महाराज! दोन दिवसांच्या सुट्टीवर आलेली मंडळी कशी असतात, ठाऊक आहे ना? चढणीवर समुद्र बघत बसतात आणि शेवटची पाचची बोट साफ विसरतात. इसाकू अर्धा तास आधी उतरायचा आणि गल्लीबोळांतून ओरडत फिरायचा, "चला हो, चला! नाहीतर पोहत जावं लागेल!"

बोट बेटाजवळ आली की सगळ्यात वर उमेयोमावशीचं घर दिसतं. मावशी चौऱ्याऐंशी वर्षांची, एकटी. त्या ऑक्टोबरात एका मंगळवारी तिच्या कठड्यावर उन्हात दोन गाद्या दिसल्या. एक तिची, आणि दुसरी फुलाफुलांची, नव्या खोळीची.

"मावशी, लेक येतेय वाटतं?" धक्क्यावर भेटली तेव्हा इसाकूने विचारलं.

"येतेय तीन दिवस. शहरात हॉटेलात उतरणार आहे."

"मग गादी कशाला?"

"कुबट वास येत होता. तुला कशाला नसत्या चौकशा? तू आपला दोर बघ!"

इसाकूला सगळं माहीत होतं. सात वर्षांपूर्वी बापाचे दिवस झाले, तेव्हा लेक साएको म्हणाली होती, "घर विक आणि माझ्याकडे नागोयाला चल." म्हातारी भडकली. "घर विकायला सांगणारी माझी कुणी नाही! यापुढे यायचं तर पाहुणी म्हणून ये!" रागाच्या भरात माणूस काय वाट्टेल ते बोलतो. पण लेकही आईवरच गेलेली. तिने तो शब्द धरून ठेवला आणि आता खरंच पाहुणी म्हणून आली, हातात मिठाईचा खोका घेऊन.

बुधवारी साएको आली आणि पाचच्या बोटीने परत गेली. गुरुवारीही तेच. धक्क्यावर दोघी समोरासमोर उभ्या राहून कमरेत वाकायच्या.

"तुला उगाच त्रास दिला," लेक म्हणायची.

"छे गं, तुझाच दिवस मोडला."

ही वाकली की ती वाकायची, ती वाकली की ही आणखी खाली. आमच्याकडे निरोप असाच असतो, आधी थांबेल तो उद्धट. पण इसाकूचं डोकं फिरायचं. एकीच्या तोंडून 'राहा' फुटेना आणि दुसरीच्या तोंडून 'राहू का' निघेना. आणि दोन्ही दिवस हाका मारमारून लेकीला बोटीवर आणलं कुणी? तर याच शहाण्याने!

शुक्रवारी सकाळी फुलांची गादी पुन्हा कठड्यावर होती, सलग चौथ्या दिवशी. साएकोची गाडी शनिवारी दुपारची. म्हणजे उरली ती एकच रात्र. चौऱ्याऐंशीव्या वर्षी ती जड गादी उचलून रोज बाहेर काढायची आणि रोज तशीच घडी घालून ठेवायची, ही काय गंमत आहे?

संध्याकाळी पाचला पाच कमी. उतारू चढले. धक्क्याच्या टोकाशी मायलेकींचं वाकणं सुरू झालं. आता इसाकूने हाक मारायची वेळ होती. त्याने तोंड उघडलं आणि मिटलं.

पाच वाजले. त्याने दोर सोडला.

"अरे, ती बाई राहिली ना!" कप्तान होरिगुची वरून ओरडले.

"पाच वाजले, कप्तान. घड्याळ कुणासाठी थांबतं का?"

कप्तानांनी त्याच्याकडे नीट बघितलं, वरच्या घराकडे बघितलं आणि भोंगा दिला. साएको दचकून वळली. तोवर बोट आणि धक्का यांच्यात आठ-दहा हात पाणी पडलं होतं. इसाकू तिच्याकडे तोंड करून कमरेत वाकला आणि बराच वेळ वर आलाच नाही. वर कुठल्या तोंडाने बघणार! रात्रभर त्याला वाटत राहिलं, आपण कोण लागून गेलो दुसऱ्याच्या घरात नाक खुपसणारे?

सकाळी आठच्या बोटीवरून त्याने आधी वर बघितलं. कठडा रिकामा होता. पहाटे पाचला उठणारी मावशी, आणि आठ वाजले तरी गाद्या बाहेर नाहीत. मायलेकी अजून अंथरुणातच होत्या. इसाकूने बाहीने डोळे पुसले. शेजारच्या उतारूला म्हणाला, "वारा फार आहे आज." वारा कसला नि काय!

दहाच्या बोटीला दोघी खाली आल्या. साएको आत जाऊन बसली, डोळे सुजलेले. मावशी मात्र थेट इसाकूपुढे येऊन उभी राहिली.

"काल तुझा एक उतारू मागे राहिला."

"चुकलंच, मावशी. वय झालं माझं."

"झालंच आहे मेल्या," ती म्हणाली आणि त्याच्यापुढे कमरेत वाकली, अगदी खाली.

इसाकू वाकला. ती आणखी वाकली. तो आणखी वाकला. वर कप्तान घड्याळ बघत होते, पण त्यांनी हाक मारली नाही. त्या दिवशी हाजेची बोट एकतीस वर्षांत पहिल्यांदाच एक मिनिट उशिरा सुटली.