वेलीला दिलेलं आमंत्रण

चहा बशीत ओतला की आधी नुसता वास घ्यायचे. पिशवीचे बंद मनगटाला गुंडाळायचे. रस्त्यात अनोळखी रोप दिसलं तर चप्पल काढून वाकायचे. आणि फळ फोडून पाहिल्याशिवाय कुठल्याही वेलीचं नाव घ्यायचे नाहीत.

ही शेवटची सवय ढुंढिराज अण्णांना उशिरा लागली.

अण्णा गंगापूर रोडवरचे आमचे शेजारी. घराणं पंचवटीतल्या तीर्थोपाध्यायांचं, पण ते स्वतः कचेरीत कारकून होते. झाडापाल्याचा नाद निवृत्तीनंतरचा. मी मराठी घेऊन बी.ए. झालो, नोकरी नव्हती, म्हणून त्यांच्याबरोबर हिंडायचो. "साहित्यिक, पाण्याची बाटली धरा," म्हणायचे, "तेवढं तरी जमेल."

त्यांची मुलगी यशश्री सटाण्याला दिलेली. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नव्हतं. शिवलिंगीच्या पिंडीसारख्या बियांनी कूस उजवते, असं अण्णा लहानपणापासून ऐकत आले होते. सत्त्याण्णवच्या पावसाळ्यात त्यांनी एका वेलीची हिरवी, पांढऱ्या रेघांची फळं आणली आणि बिया वाटून मुलीला दिल्या. वेल विषारी कवंडळाची निघाली. कवंडळाचं कोवळं फळही तसंच दिसतं, पुढे ते लिंबाएवढं होतं; शिवलिंगीचं गोटीएवढंच राहतं. यशश्रीताईला उलट्यांनी दवाखान्यात ठेवावं लागलं. तिच्या सासूबाई एवढंच म्हणाल्या, "नातवाचं राहू द्या व्याही, सून तरी ठेवा आम्हाला."

त्याला दोन वर्षं झाली. यंदा भाद्रपदात रामशेज किल्ल्याच्या पायथ्याशी, करवंदीच्या जाळीवर, अण्णांना पुन्हा तशी वेल दिसली. हीच का, मी विचारलं. फळ नुसतं लाल होतंय की मोठंही होतंय ते बघू, म्हणाले. दर रविवारी आम्ही जाऊ लागलो. फळं गोटीएवढीच राहिली.

मध्येच सटाण्याहून जावयांचा फोन आला. मूल होत नाही, दिवाळी झाली की यशश्रीला कायमची माहेरी पोचवतो, म्हणाले. मला हे सांगताना अण्णा पिशवीचे बंद गुंडाळत होते, सोडत होते. जावयांची तपासणी झाली आहे का, ते विचारा, मी म्हटलं. त्यांनी बंद घट्ट आवळले.

आश्विनात राहवेना म्हणून शनिवारीच गेलो. एक फळ लाल झालं होतं. लाल, वर पांढऱ्या रेघा. अण्णांनी चप्पल काढली. वेलीखालच्या दगडावर तांदूळ आणि सुपारी ठेवली. औषधाची वेल आदल्या संध्याकाळी बोलवायची, आणि ज्यानं बोलावलं त्यानंच न्यायची, अशी रीत.

"उद्या न्यायला येतो," ते वेलीला म्हणाले. नाव मात्र घेतलं नाही. फळ फोडून बी बघितल्यावर घेणार होते.

परतताना आपणहून म्हणाले, "उद्या वेल घेऊन तसाच सटाण्याला जातो. जावईबापूंना विचारतो."

"मग वेल कशाला? नुसतं विचारा."

"रिकाम्या हातानं मुलीच्या सासरी असलं काही विचारता येत नाही रे."

सकाळी पिशवी दाराच्या कडीला होती. चप्पल उंबऱ्याशी. अण्णा अंथरुणातच गेले होते. झोपेत हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले. मी बाटली भरून आलो होतो. 

दहाव्याला पंचवटीत गंगेवर जावईबापू आले होते. तपासणीचं विचारायला मी त्यांच्या शेजारी उभा राहिलो. ऊन फार आहे, म्हणालो. 

निघताना यशश्रीताईनं हळूच विचारलं, "ती वेल तीच होती का रे?"

"अण्णांनी नाव घेतलं नव्हतं," मी म्हटलं.

परवा एकटाच रामशेजला गेलो. फळं बरीच लाल झाली आहेत. तांदूळ पाखरांनी टिपले, सुपारी आहे. मी एका फळापर्यंत हात नेला आणि मागे घेतला. बोलावलं त्यांनी होतं.

दिवाळी तोंडावर आली आहे. सटाण्याला अजून कुणी काही विचारलेलं नाही.