आमच्याच जागेतला खड्डा

अंबत्तूरला आमची शेड होती. नवरा तिथे लोखंडी भागांना क्रोमचा मुलामा द्यायचा. तो मेल्यावर मी शेड विकायला काढली. घेणाऱ्याने आधी माती तपासायला एक मुलगी पाठवली. ती पुण्याची निघाली, म्हणून मराठीतच बोलणं झालं.

"आजी, वापरलेलं पाणी कुठे सोडायचात?"

मी तिला मागचा खड्डा अभिमानाने दाखवला. म्हटलं, "बाकीचे गटारात सोडत. आम्ही कुणाला त्रास दिला नाही. सगळं आमच्याच जागेत."

तिने तिथे खोल भोक पाडलं. पिवळी माती वर आली. "आजी, हा पिवळा रंग क्रोमचा, विषारी आहे. ही माती साफ केल्याशिवाय जागा कुणी घेणार नाही. आणि साफ तुम्हालाच करावी लागेल."

मुलगा ओरडला, "आई, खड्डा दाखवायची काय गरज होती?" गिऱ्हाईक गेलं. साफ करणं आमच्या ऐपतीबाहेरचं, म्हणून जागा तशीच पडून आहे.

तेही सोसलं असतं. पण माती तपासणाऱ्या त्या मुलीने मागच्या गल्लीतल्या हातपंपाचं पाणीही बाटलीत भरून नेलं होतं. त्यातही आमचंच क्रोम निघालं. ते पाणी पिवळं का येतं म्हणून तिथल्या बायका वीस वर्षं सरकारला शिव्या देत होत्या. मीही त्यांच्याबरोबर देत होते.