अस्वलाची चाल बघायला गोंडपिपरीला

प्रभाकरच्या अस्वलावर मी फिदा होते. हा आपला मराठी अ‍ॅनिमेटर. नागपुरात चित्रकला शिकला, मुंबईत जाहिराती केल्या आणि आता फ्रान्समध्ये सिनेमे दिग्दर्शित करतो. एक पाय फेकत, कंबर हेलकावत चालणाऱ्या त्याच्या अस्वलाला बघून तिकडची थिएटरं खदाखदा हसतात, बक्षिसं देतात. 'ही चाल मला माझ्या जंगलाने दिली,' असं तो प्रत्येक मुलाखतीत सांगतो. ते जंगल बघायला मी जानेवारीत निघाले. आता लिहितेय ती रागाने.

जाणाऱ्यांसाठी सांगते. बल्लारपूरपर्यंत रेल्वे, पुढे गोंडपिपरीची एसटी. बायकांना अर्धं तिकीट. खिडकी लावून घ्या, नाहीतर ट्रकांची धूळ थेट घशात जाते. निघण्याआधी स्टँडसमोरचे तर्री-पोहे खा, पुढे गावात धड हॉटेल नाही.

प्रभाकरचं घर सापडायला वेळ लागला नाही. त्याची थोरली बहीण शेवंताबाई अंगणात तांदूळ निवडत होत्या. पाहुणी आली म्हणून खुर्ची आणायला उठल्या आणि चालू लागल्या. एक पाय फेकत, कंबर हेलकावत. मी जागीच थिजले. याच चालीवर मी पोट धरून हसले होते.

मोहफुलं वेचायला गेल्या असताना अस्वलाने मांडी फाडली होती, हे त्यांनी भात वाढता वाढता सांगितलं. लाखोळीची डाळ छान होती. भावाचा सिनेमा पाहिला का, असं मी विचारलं. नाही म्हणाल्या. पण मागे तो आला तेव्हा त्याने मोबाइलवर त्यांचं शूटिंग केलं होतं.

"दिवसभर चालवलं मले. तिकडच्या डॉक्टरले दाखवतो म्हणे. त्याचा निरोप यायचा हाय, म्हणून इथी कुठी गेली नाई मी."

या गोष्टीला कित्येक वर्षं झाली.

कलावंताला सगळं माफ म्हणतात. चाल घे बाबा, पण डॉक्टरचं नाव कशाला घेतलंस? खरं सांगितलं असतंस तरी ती तुझ्यासाठी चाललीच असती. नालायक माणूस! मी त्यांना चंद्रपूरच्या डॉक्टरकडे चला म्हटलं, तर भावाला वाईट वाटेल म्हणून त्या नको म्हणाल्या. खरं काय ते माझ्या ओठांवर आलं होतं, पण त्या इतक्या कौतुकाने त्याच्याबद्दल बोलत होत्या की मी गप्प बसले. परतीच्या एसटीत स्वतःवरही चिडले.

पुण्यात येऊन प्रभाकरला मेल केला. उत्तर त्याच्या ऑफिसने दिलं: प्रेमाबद्दल आभार, अस्वलाचा दुसरा भाग येतोय. या प्रवासातलं माझ्याकडे काय उरलं म्हणाल, तर फक्त संताप.

परवा शेवंताबाईंचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता.

"भाऊ येऊन राह्यला, बाई. आता डॉक्टरले मी पळताना पाह्यजे म्हणे."

मग मात्र मी सगळं सांगून टाकलं. सिनेमा, अस्वल, हसणारे लोक. मला वाटलं, आता रडतील किंवा मलाच खोटं पाडतील.

"मंग," त्यांनी विचारलं, "डॉक्टर नाईच काय?"