लिफ्ट थकते

नीरजाताईंच्या विनोदाला कुणी हसलं नसतं, तरी मला एवढं वाईट वाटलं नसतं. लोकांनी तो नियम म्हणून पाळला, याचा संताप आजही येतो.

ताई मूळच्या नारायण पेठेतल्या. आयटी कंपनीत मदतपुस्तिका लिहून कंटाळल्या आणि आमच्या कार्टून स्टुडिओत संवाद लिहायला आल्या. चित्रं मी काढायचे. त्यांचं नवं घर विश्रांतवाडीला, सातव्या मजल्यावर. त्या सोसायटीत कामवाल्यांना लिफ्टबंदी करायचं घाटत होतं, आणि ताईंकडे येणाऱ्या गोदाबाईंचे गुडघे आधीच गेलेले. म्हणून ताईंनी आमच्या टीव्हीवरच्या कार्टून मालिकेसाठी एक भाग लिहिला. त्यात सोसायटीचा अध्यक्ष गंभीर चेहऱ्याने सांगतो, "जिना चढून बायकांची प्रकृती सुधारते. लिफ्ट मात्र थकते." मग तोच लिफ्टमध्ये अडकतो, आणि जिन्याने उतरणारी मोलकरीण बाहेरून म्हणते, "बसा साहेब, थकली असेल ती."

वाहिनीच्या साहेबांनी मोलकरणीचा प्रसंग कापला. सोसायट्यांत राहणारे प्रेक्षक दुखावतील, म्हणे. अध्यक्षाचं भाषण ठेवलं, कारण त्यात त्यांना कुणाचाच अपमान दिसला नाही. उत्तर कापलंत तर लोकांना भाषण खरं वाटेल, असं ताई परोपरीने सांगत होत्या. साहेब म्हणाले, प्रेक्षक सुज्ञ आहेत.

सुज्ञ कसले, डोंबलाचे. ताईंच्या सोसायटीने गणपतीत त्यांचा सत्कार ठेवला. शाल दिली, श्रीफळ दिलं, आणि लिफ्टमध्ये त्यांच्याच वाक्याची पाटी लावली, खाली त्यांच्या नावासकट. पुण्यात पाटी लागली की नियम झाला. ताईंनी माइक हातात घेतला आणि कापलेला प्रसंग जसाच्या तसा सांगितला. सगळे पोट धरून हसले. सोसायटीचे खरे अध्यक्ष अनंतराव तर डोळे पुसत होते. माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ताईंकडे गेले होते. गोदाबाई धापा टाकत आल्या आणि उंबऱ्यातच बसल्या.

"ताई, हसले समदे," त्या म्हणाल्या. "पाटी तर तितंच हाय."

ताई तडक उठल्या. ओट्यावरचं उलथणं घेऊन लिफ्टमध्ये गेल्या आणि पाटी उचकटू लागल्या. आवाज ऐकून अनंतराव आले.

"अहो, हे काय करताय? वाक्य तर आपलंच आहे."

"उत्तर त्यांनी कापलं," ताई म्हणाल्या. "हे मी कापते."